गरोदरपणात घरी रक्तदाब मोजताना
विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब मोजताना गर्भवतीने पाच मिनिटे पाठ टेकून, न बोलता बसावे आणि यंत्राचा पट्टा बाहीवरून न बांधता उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीवर बांधावा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. १६० किंवा ११० गाठल्यास, अथवा डोके असह्य ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील किंवा उजव्या बरगडीखाली दुखत असेल (हे दुखणे पित्त समजून अंगावर काढले जाते, आणि घात तिथेच होतो), तर महाराष्ट्रात १०८ वर फोन करून सिझेरियनची सोय असलेले रुग्णालय तातडीने गाठावे. तेथे वाढलेल्या रक्तदाबामुळे येणारे आकडीचे झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. बाळंतपणानंतरही काही आठवडे रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका राहतो. मोजणी थांबवू नये.