फर्निचरवर मायक्रोसिमेंट लावताय? नागपूरकरांनो, या चुका टाळा

जुनं टीव्ही युनिट किंवा सेंटर टेबल भंगारात न देता त्यावर मायक्रोसिमेंट, म्हणजे एरवी भिंतीवर-फरशीवर मारतात तो सिमेंट आणि पॉलिमरचा पातळ लेप, मारायचा, ही आयडिया खरंच भारी आहे, २-३ मिलिमीटरच्या थरात अख्खं फर्निचर दगडी दिसायला लागतं. पण काही महिन्यांत तडे गेले की लोक मटेरियललाच नावं ठेवतात. माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक वेळा घोळ वरच्या थरात नसतोच, खालच्या लाकडात असतो, नाहीतर आपल्या उन्हात.

भिंत हलत नाही, लाकूड हलतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, हवा एकदम कोरडी, लाकूड आकसतं, आणि जुलैत तेच लाकूड ओल धरून फुगतं. वरचा सिमेंटचा थर एवढं ताणलं जाणं सहन करत नाही. म्हणून सागाच्या भरीव लाकडावर करूच नका, प्लाय किंवा एमडीएफ बरं. त्यातही जॉइंट नुसत्या खिळ्यांवर असतील तर आधी ग्लू आणि स्क्रूने पक्के करा, मग फायबरग्लासची जाळी पहिल्या कोटातच दाबून बसवा. जॉइंटमध्ये पीओपी भरून मोकळं होणारे मिस्त्री असतात, त्यांना तिथेच थांबवा. आणि कपाटाच्या दाराला फक्त बाहेरून कोट मारला, मागची बाजू तशीच उघडी ठेवली तर दार वाकतं, मागूनही सीलर, म्हणजे ओल आत जाऊ न देणारा कोट, हवाच. ड्रॉवरच्या फटीत थराची जाडी धरायलाही विसरू नका, नाहीतर ड्रॉवर उघडणारच नाही.

सनमायकावर थेट लावणं ही सगळ्यात कॉमन चूक. त्या गुळगुळीत पृष्ठभागाला काही धरतच नाही, आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक पूर्ण घालवा, धूळ पुसा, मग इपॉक्सी प्रायमर मारून तो ओला असतानाच त्यावर बारीक क्वार्ट्झ वाळू भुरभुरवा, म्हणजे वरच्या थराला पकड मिळते. सनमायका कुठे फुगलेला असेल तर तो काढूनच टाका.

आता उन्हाळा. नवतप्यात हे काम काढूच नका. काढलंच तर पहाटे करा, मिक्स थोडं थोडं बनवा, आणि कूलर-पंख्याचा झोत पीसवर येऊ देऊ नका, वरून पापुद्रा सुकतो आणि आतलं सिमेंट नीट पिकत नाही, मग हात फिरवला की पावडर येते. मिश्रण घट्ट होतंय म्हणून वरून पाणी घालणं तर अजिबात नको, थर कमजोर होतो आणि रंगाचे ठिगळ दिसतात. फिक्या रंगावर स्टीलची थापी जास्त घासली की काळे डाग पडतात, शेवटच्या हाताला प्लास्टिकची घ्या. घासताना मास्क लावाच, ही सिलिकाची धूळ आहे.

सीलरची घाई मात्र भल्याभल्यांना महागात पडते. आत ओल असताना पीयू (पॉलियुरेथेन) सीलर मारला की पांढुरके ढग आणि फोड येतात. रात्री पॉलिथिनचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा, सकाळी आतून थेंब दिसले किंवा खालचा भाग गडद झाला असेल तर अजून थांबा. दोन भागांचा (बेस आणि हार्डनर) पीयू असेल तर वजनकाट्यावर मोजूनच मिसळा, अंदाजाने घातला की चिकट राहतो. सीलर मारल्यावर आठवडाभर तरी पाणी नको. जेवणाच्या टेबलावर सीलर सुटला तर हळद आत मुरते, आणि संत्र्या-लिंबाचा रस सिमेंट खातो, तो डाग पुसून जात नाही. पुसायला साधा साबण, अ‍ॅसिडवालं क्लीनर कधीच नाही.

तडा गेलाच असेल तर आधी नीट बघा. सरळ रेषेत जॉइंटवरून गेलाय म्हणजे खालचं लाकूड हलतंय, जॉइंट पक्का केल्याशिवाय वरून कितीही भरा, परत येणार. जाळ्यासारखे बारीक तडे म्हणजे थर जाड झाला किंवा झटपट सुकला, ते घासून पातळ कोट मारता येतो. नाण्याने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर पकडच सुटलीये, तेवढा भाग प्लायपर्यंत खरवडून प्रायमरपासून सुरुवात करावी लागते. आणि दुरुस्तीनंतरचा शेवटचा कोट तेवढ्याच ठिगळावर नको, त्या अख्ख्या फळीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मारा, नाहीतर जोड कायम दिसत राहतो.