लिंक लागते, पण पिंग जात नाही: आरएमआयआयचा 50 मेगाहर्ट्झ क्लॉक

आरएमआयआय म्हणजे प्रोसेसरमधला इथरनेटचा भाग (मॅक) आणि केबल सांभाळणारी चिप (फाय) यांना जोडणारा इंटरफेस. त्यात मॅक आणि फाय दोघांनाही एकच 50 मेगाहर्ट्झचा क्लॉक लागतो. म्हणून ड्रायव्हरला हात लावण्याआधी सर्किट डायग्राम उघडा आणि तो कोण देतो ते शोधा: प्रोसेसर, फाय की वेगळा ऑसिलेटर. पुढची प्रत्येक सेटिंग या उत्तराशी जुळली पाहिजे. इथे आय.एमएक्स6 अल्ट्रालाइट हा प्रोसेसर आणि केएसझेड8081 हा फाय ही जोडी घेतली आहे. क्लॉक प्रोसेसर देतो.

सुरुवात प्रोसेसरकडून. डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला बोर्डाचं हार्डवेअर सांगणाऱ्या फाइलमध्ये) ईनेट रेफ क्लॉकचा, म्हणजे या इथरनेट क्लॉकचा, दर 50000000 हर्ट्झ ठेवा. प्रोसेसरच्या जीपीआर1 रजिस्टरचा बिट 17 (दुसऱ्या पोर्टसाठी 18) 1 असला की टीएक्स क्लॉकची पिन आउटपुट होते. जुन्या लिनक्स कर्नलमध्ये ही दोन्ही बिटं बोर्ड न बघताच 1 केली जात. बोर्डावर बाहेरचा ऑसिलेटर असेल तर मग एकाच तारेवर दोन क्लॉक भांडतात, तेव्हा हे आधी तपासा.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक पिनमक्समध्ये, म्हणजे कोणती पिन कशासाठी हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, असते. टीएक्स क्लॉकच्या त्याच पिनच्या (पॅडच्या) व्हॅल्यूत सायऑन बिट, म्हणजे आउटपुट असतानाही इनपुट चालू ठेवणारा बिट 30, 1 करावाच लागतो. बाहेर गेलेला क्लॉक त्यामुळेच पॅडवरून परत मॅककडे येतो. हा बिट राहिला तर फायला क्लॉक मिळतो, एमडीआयओ (फायची रजिस्टर वाचायची-लिहायची वाट) वाचता येतं, लिंकचा दिवाही लागतो. पण मॅक क्लॉकविना बसतो आणि कर्नल लॉगमध्ये ट्रान्समिट टाइमआउट येतो. दिवा लागला म्हणून क्लॉक बरोबर आहे असं धरू नका.

आता फाय. केएसझेड8081 चे आरएनए आणि आरएनडी असे प्रकार आहेत. आरएनए मुळात 25 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालतो. त्याला 50 घ्यायला लावायचं तर फायच्या रजिस्टर 31 चा बिट 7 सेट करा (1 करा). आरएनडीमध्ये हाच बिट उलटा आहे: 0 म्हणजे 50. चिपवरचं पूर्ण नाव वाचूनच ठरवा. फक्त बूटलोडरमध्ये हा बिट लिहून भागत नाही, कारण फाय रिसेट झाला की तो पुसला जातो. डिव्हाइस ट्रीतल्या फायच्या नोडमध्ये ‘आरएमआयआय-रेफ’ नावाने क्लॉक जोडा, म्हणजे ड्रायव्हर दर वेळी तो पुन्हा लिहितो. आरएनडीसाठी 25 मेगाहर्ट्झ सिलेक्टची प्रॉपर्टीही हवी.

क्रम असा: क्लॉक सुरू करा, फायची रिसेट पिन किमान 500 मायक्रोसेकंद खाली (लो) धरा, सोडा, आणि 100 मायक्रोसेकंदांनंतरच एमडीआयओ वापरा. लॅन8720 सारखा दुसरा फाय असेल तर क्लॉक बंद होऊन परत आल्यावरही रिसेट द्यावा लागतो.

शेवटी ऑसिलोस्कोपचा प्रोब फायच्या पिनजवळ लावा. पिरियड 20 नॅनोसेकंद, ड्यूटी 35 ते 65 टक्के, चूक 50 पीपीएमच्या (दहा लाखांत 50) आत, म्हणजे 2500 हर्ट्झ. आकडे बरोबर असूनही इथटूल या लिनक्स कमांडमध्ये सीआरसी एरर (बिघडलेल्या फ्रेम) वाढत असतील तर क्लॉकच्या कडांवरचं रिंगिंग (थरथर) बघा; क्लॉक जिथून निघतो तिथे 22 ते 33 ओहमचा सिरीज रेझिस्टर टाकून पुन्हा मोजा.