विशीत केस विरळ होऊ लागल्यास काय पाहावे आणि काय करावे

दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे, त्यामुळे कंगव्यात अडकलेले केस मोजून टकलाचे निदान होत नाही. केस डोक्याच्या कोणत्या भागात विरळ होत आहेत आणि तिथले केस पूर्वीपेक्षा बारीक व आखूड झाले आहेत का, हे पाहावे. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकत असतील किंवा भोवऱ्याभोवतीची त्वचा दिसू लागली असेल, आणि त्याच वेळी कानांवरचे व मानेजवळचे केस दाट राहिले असतील, तर हे बहुधा आनुवंशिक टक्कल असते. किशोरवयातील कपाळाची रेषा विशीत थोडी वर सरकून तिथेच स्थिरावली, तर मात्र ते टक्कल नव्हे. शंका असल्यास केस कोरडे असताना, एकाच जागी आणि एकाच प्रकाशात, दर तीन महिन्यांनी समोरून व वरून छायाचित्र घ्यावे. रोजच्या आरशापेक्षा ही तुलना अधिक विश्वासार्ह ठरते.

टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात तयार होणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाला ज्यांच्या केसांची मुळे आनुवंशिकतेने संवेदनशील असतात, त्यांची मुळे हळूहळू आक्रसतात. मामाला टक्कल असेल तर भाच्याला पडते, हा समज अर्धाच खरा आहे, कारण वडिलांकडून आलेली जनुकेही यात वाटेकरी असतात. हेल्मेटमुळे टक्कल पडत नाही आणि मुंडण केल्याने केस दाट होत नाहीत.

डेंग्यू, टायफॉइड, शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने वजन घटवणे यांनंतर दोन-तीन महिन्यांनी संपूर्ण डोक्यावरचे केस मूठभर गळू लागतात. मूळ कारण दूर झाल्यास ते बहुधा काही महिन्यांत परत येतात. अचानक पडलेला गुळगुळीत गोल चट्टा ही चाई असू शकते व तिचे उपचार वेगळे असतात. डोक्याची त्वचा लाल होणे, दुखणे किंवा तिथे पू होणे ही लक्षणे दिसल्यास थांबू नये, कारण काही आजारांत केसांची मुळे कायमची नष्ट होतात.

म्हणून तेल, कांद्याचा रस किंवा बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांवर वर्ष घालवण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना भेटावे. आक्रसत चाललेले मूळ वाचवणे शक्य असते, पण पूर्ण गुळगुळीत झालेल्या जागी औषधाने फारसे केस येत नाहीत, आणि एवढ्यासाठीच मला हा उशीर फार महाग वाटतो. डॉक्टर गरजेनुसार लोह, थायरॉइड इत्यादी तपासण्या सांगतील. बायोटिन घेत असल्यास ते आधी सांगावे, कारण त्यामुळे थायरॉइडच्या काही चाचण्यांचे निकाल चुकू शकतात. व्यायामशाळेत कोणी स्टेरॉइड दिले असल्यास तेही लपवू नये.

आनुवंशिक टकलावर मुख्यतः दोन औषधे वापरली जातात. मिनॉक्सिडिल डोक्याच्या त्वचेवर लावायचे असते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती वाढलेली दिसू शकते, आणि नेमके तेव्हाच अनेक जण ते सोडून देतात. फिनास्टेराइडची गोळी डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनचे प्रमाण कमी करते. काहींना कामेच्छा घटणे किंवा मन उदास होणे असे दुष्परिणाम जाणवतात, म्हणून ती मित्राच्या सांगण्यावरून कधीही सुरू करू नये. ती घेत असताना आणि थांबवल्यावर निदान महिनाभर रक्तदान करू नये, तसेच गर्भवती स्त्रीने तिचा चुरा हाताळू नये. परिणाम जोखायला सहा महिने ते वर्ष द्यावे लागते, आणि औषध थांबवले की मिळालेला लाभही काही महिन्यांत ओसरतो.

लग्न जवळ आले म्हणून बाविसाव्या वर्षी केशरोपण करण्याची घाई करू नये. रोपलेले केस टिकतात, पण त्यांच्यामागचे मूळचे केस गळतच राहतात, आणि डोक्याच्या मागच्या भागातून काढता येणारे केस मर्यादित असतात. गळतीचा वेग औषधाने स्थिरावल्यावरच त्याचा विचार करावा, आणि पैसे भरण्यापूर्वी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार व त्या व्यक्तीची वैद्यकीय पदवी कोणती, हे स्पष्ट विचारून घ्यावे.