आणीबाणीचा प्रश्न: उठल्याची तारीख पाठ करा

इंदूरमधल्या भंवरकुआँच्या कुठल्याही कोचिंगमध्ये आणीबाणी एका तासात उरकतात. घटनेचं कलम ३५२ (आणीबाणीची घोषणा), ३५८ आणि ३५९ (मूलभूत हक्कांची स्थगिती), चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती, झालं! पूर्वपरीक्षेला तेवढं पुरतं. पण मुख्य परीक्षेत किंवा एम.ए.ला ‘सुरक्षेच्या संकटात सरकार आणि संसद यांच्यातला तोल कसा बदलतो?’ असं विचारलं की हाच पाठ दगा देतो. कलमं तुम्हाला येतात असं धरून चालतो.

खड्डा असा आहे. ‘घोषणेला संसदेची मंजुरी लागते, म्हणून सरकारवर अंकुश राहतो.’ माझ्या वहीत हे वाक्य लाल चौकटीत होतं आणि त्यावर गुण कधी मिळाले नाहीत. अहो, मंजुरी अडतेय कुठे? शत्रू दारात असताना नाही कोण म्हणणार? अमेरिकेत सप्टेंबर २००१ मध्ये प्रतिनिधिगृहाने अध्यक्षांना लष्करी बळ वापरायचा अधिकार दिला तो ४२० विरुद्ध १ मतांनी. सैन्य अफगाणिस्तानातून २०२१ मध्ये परतलं, ठराव मात्र तसाच राहिला, कारण त्याला मुदतच घातली नव्हती.

तेव्हा सत्ता परत कधी आली आणि ती कुणी परत आणायची होती, ते शोधा. सगळे इथेच घसरतात, म्हणून सविस्तर सांगतो. आपल्याकडे चीनच्या युद्धात आणीबाणी २६ ऑक्टोबर १९६२ ला लागली. २१ नोव्हेंबरला चीनने शस्त्रसंधी केली. आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ ला! मधे नेहरू गेले, पासष्टचं युद्ध झालं, शास्त्रीजी गेले, १९६७ ची सार्वत्रिक निवडणूकसुद्धा आणीबाणीतच पार पडली. तेव्हाच्या कलमात दोन महिन्यांत दोन्ही सभागृहांनी एकदा हो म्हटलं की पुढे कालमर्यादा नव्हती. उठवायची तर सरकारनेच. ३ डिसेंबर १९७१ ची घोषणाही तशीच. लढाई पंधरवड्यात आटोपली, घोषणा मार्च १९७७ पर्यंत राहिली. म्हणजे २५ जून १९७५ ला एक आणीबाणी चालूच होती, तिच्यावर दुसरी चढवली. आता चव्वेचाळिसावी दुरुस्ती वाचा: दर सहा महिन्यांनी विशेष बहुमताने नवी मंजुरी, शिवाय लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर चौदा दिवसांत खास बैठक, आणि तिथे साध्या बहुमताने घोषणा रद्द करता येते. नोट्समध्ये हे शेवटच्या ओळीत असतं. उत्तरात ते आधी आणा.

अख्खा विषय एका बैठकीत उरकणाऱ्या वन-शॉट व्हिडिओंबद्दल माझं मत वाईट आहे. लागल्याची तारीख सांगतात, उठल्याची गाळतात. ‘इतकं खोलात नको’ म्हणणारे सीनियर त्याहून घातक. लोकसभेतल्या जुन्या चर्चा ऑनलाइन फुकट आहेत, नोव्हेंबर बासष्टची उघडा. ताई (सुमित्रा महाजन) लोकसभेच्या अध्यक्ष होत्या याचा आपल्या इंदूरकरांना केवढा अभिमान, पण कामकाजाचं एक पान वाचायचं म्हटलं की जांभया!

घाबरू मात्र नका, उलटी बाजू सोपी आहे. युद्धात मार खाल्ला की संसदेला कंठ फुटतो. बासष्टला स्वपक्षातल्याच खासदारांच्या दबावाने संरक्षणमंत्री कृष्ण मेनन मंत्रिमंडळातून गेले आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला आले. ऑगस्ट १९६३ मध्ये, आणीबाणी चालू असताना, आचार्य कृपलानींनी लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आणला. तो ३४७ विरुद्ध ६२ ने पडला, पण नेहरूंना सगळं ऐकून घ्यावं लागलं. एवढं लिहिलंत तरी तुमचं उत्तर एकतर्फी राहत नाही.

कारगिल वेगळं ठेवा. तिथे आणीबाणी नव्हतीच आणि युद्धासाठी संसदेची आगाऊ परवानगी घ्यायची अट आपल्या घटनेत नाही. अमेरिकेचा १९७३ चा साठ दिवसांचा नियम (तेवढ्यात संसदेची मंजुरी नसेल तर अध्यक्षांनी सैन्य लढाईतून काढायचं) इथे चिकटवू नका. लोकसभा २६ एप्रिल १९९९ ला विसर्जित झाली होती, सरकार काळजीवाहू होतं. विरोधकांनी राज्यसभेचं खास अधिवेशन मागितलं, ते बोलावलं नाही. त्यामुळे कारगिलबद्दल उठल्याच्या तारखेऐवजी सभागृह कधी बसलं ते लिहा: लढाई जुलैत संपली, नवी लोकसभा ऑक्टोबरात भरली.