पंच्याहत्तरीनंतर एसटीने कसं भटकावं

तरुणपणी साताऱ्याच्या स्टँडवर गाडी लागायच्या आतच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचो. रविवार, गर्दी आणि सोमवारी पुन्हा हापिस. आता मी 77 वर्षांचा आहे आणि बुधवारी निघतो. पहिला नियम हाच: शनिवार-रविवार नोकरदारांना सोडा. सकाळी दहानंतरची गाडी धरा, शाळा-कॉलेजची पोरं तोवर उतरलेली असतात.

ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटी फुकट आहे. 65 ते 75 वाल्यांना अर्धं तिकीट. आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो, ते मागून घ्या आणि उतरेपर्यंत जपा. मी एकदा त्याचीच सुरळी करून कान कोरला आणि नेमका तपासनीस चढला!

मागच्या चाकावरची सीट टाळा, मणके बोलतात. पाणी घोटघोट प्या, गाडी मध्येच कुठे थांबेल याचा भरवसा नाही.

मी बहुधा वाईला उतरतो. ढोल्या गणपतीचं दर्शन, घाटावर बसून डब्यातली दशमी-चटणी, मग मेणवली. नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर दुपारी कुणी नसतं. पूर्वी इथे अर्ध्या तासात 'चला, चला' व्हायचं. आता एक गाडी चुकली तर दुसरी. सुनेला मात्र फोन करून ठेवतो, नाहीतर ती ताट वाढून वाट बघते.