एसएफटीपी रेंगाळतंय? आधी लेकराचा सीपीयू बघा

सांगलीत बसून मेनफ्रेमचं, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या कॉम्प्युटरचं, काम करता येतं, हे बीसीएला असताना कुणी सांगितलं असतं तर मला खरं वाटलं नसतं. आज विश्रामबागेतल्या घरातून मी परदेशातल्या मशीनवरचे रात्रीचे बॅच जॉब, म्हणजे ओळीने आपोआप चालणारी कामं, सांभाळते. आपल्याकडच्या मुलामुलींचे फोन येतात, "ताई, जेसीएल झालं, कोबोल झालं, आता पुढे काय?" मी सांगते, फाइल कशी जाते ते शिका. रात्री दोनला फोन वाजतो तो बहुतेक वेळा फाइल वेळेत पोचली नाही म्हणूनच. आणि हल्ली फाइल उघडी जात नाही, एन्क्रिप्ट होऊनच जाते.

नोकरीच्या सहाव्या महिन्यातली गोष्ट. एक फाइल त्याच डेटा सेंटरमधल्या लिनक्स सर्व्हरला बीपीएक्सबॅचमधून (बॅच जॉबमधून युनिक्सच्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) एसएफटीपीने, म्हणजे फाइल सुरक्षित पाठवणाऱ्या कमांडने, जायची. एका रात्री जॉब पाऊण तास चालला आणि लॉगमध्ये सीपीयू एक सेकंदही नाही. सीपीयू खाल्ला नाही म्हणजे जॉब वाट बघतोय, म्हणजे नेटवर्क, असा हिशेब करून मी तिकीट टाकलं. दुसऱ्या दिवशी नेटवर्कवाल्यांनी आलेख पाठवले, लाइन स्वच्छ होती. मला फार वाईट वाटलं, कारण त्यांचा अख्खा दिवस माझ्यामुळे गेला होता. आमच्या टीममधले इस्लामपूरचे सीनियर फोनवर म्हणाले, "अगं, आईचा सीपीयू काय बघतेस? लेकराचा बघ."

एसएफटीपी स्वतः एन्क्रिप्ट करत नाही. ते एसएसएच नावाची दुसरी प्रोसेस जन्माला घालतं, आणि ती साधारणपणे वेगळ्या अॅड्रेस स्पेसमध्ये, म्हणजे मेमरीतल्या स्वतंत्र जागेत, चालते. एसडीएसएफच्या डीए पॅनेलवर, म्हणजे चालू असलेल्या कामांच्या यादीवर, मी पुढच्या रात्री नजर ठेवून बसले. आमच्या जॉबचं नाव आणि शेवटी चिकटलेला १ किंवा २ असा आकडा, हेच ते लेकरू. त्याचा सीपीयू टाइम घड्याळाच्या बरोबरीने पळत होता.

म्हणजे सायफर, एन्क्रिप्ट करायची पद्धत, सॉफ्टवेअरमध्ये चालत होता. मेनफ्रेमच्या प्रोसेसरमध्येच सीपीएसीएफ नावाची सोय असते, ती २००३ च्या झेड९९० पासून आहे. एईएस या सायफरचं काम ती हार्डवेअरमध्ये उरकते. त्यासाठी ३८६३ हे फीचर मशीनवर चालू असावं लागतं, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. पण झेडओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या ओपनएसएसएचला त्या वाटेने, म्हणजे आयसीएसएफ या एन्क्रिप्शनच्या सेवेमार्फत जा, असं सांगावं लागतं. झेडओएस एसएसएच कॉन्फिग फाइलमध्ये सायफर्ससोर्स आणि मॅक्ससोर्स अशा दोन ओळी असतात, तिथे आयसीएसएफ लिहायचं. आमच्याकडे त्या कुणी लिहिल्याच नव्हत्या. लिहिल्यावर पाऊण तासाचा जॉब काही मिनिटांवर आला. सायफरची यादीही बघून घ्या. दोन्ही बाजूंना चालेल असा क्लायंटच्या यादीतला पहिला सायफर निवडला जातो, आणि चाचा२० हा सायफर यादीत वर असेल तर सीपीएसीएफचा काही उपयोग होत नाही.

लेकरू वेगळं, म्हणून डब्ल्यूएलएममध्ये, म्हणजे कुणाला आधी सीपीयू द्यायचा ते ठरवणाऱ्या भागात, त्याचं वर्गीकरणही वेगळं होतं, ओएमव्हीएसच्या, म्हणजे युनिक्सच्या बाजूच्या, नियमांनी. जॉबला चांगला सर्व्हिस क्लास आणि लेकराला हलका, असंही मी एकदा पाहिलंय.

वर्षभराने उलटा प्रसंग आला. सहा जीबीची फाइल समुद्रापार जायला साडेपाच तास घ्यायची. सगळे म्हणत होते, एन्क्रिप्शन जड आहे. या वेळी मी आधी लेकरू पाहिलं, तर ते जवळजवळ झोपलेलं. मग नेटस्टॅट ऑल ही कमांड देऊन त्या कनेक्शनची माहिती उघडली. राउंड ट्रिप टाइम, म्हणजे डेटा जाऊन पावती परत यायचा वेळ, २०० मिलिसेकंदांच्या आसपास होता आणि सेंड विंडो, म्हणजे पावतीआधी पाठवता येणारे बाइट, ६५,५३५ च्या वर जातच नव्हती.

माझे वडील मार्केट यार्डात तोलाईचं काम करायचे. हळदीची पोती वखारीत टाकायची, पण पावती हातात आल्याशिवाय चारच्या वर पोती पुढे सोडायची नाहीत, असा नियम केला तर हमाल कितीही दणकट असोत, ट्रक संध्याकाळपर्यंत तसाच उभा राहणार. विंडो म्हणजे ती चार पोती. ६५,५३५ बाइट पाठवायचे आणि पावतीसाठी ०.२ सेकंद थांबायचं, म्हणजे सेकंदाला ३२० केबी. सहा जीबीला भागून बघा, साडेपाच तासच येतात. तो भागाकार मी वहीच्या मागच्या पानावर केला होता. आकडा जुळला तेव्हा रात्रीचे तीन वाजले होते आणि मला आईला उठवून सांगावंसं वाटलं.

टीसीपी या नेटवर्कच्या प्रोटोकॉलच्या हेडरमध्ये विंडोला १६ बिटांचीच जागा आहे. ती पुरत नाही म्हणून १९९२ पासून विंडो स्केलिंगची सोय आहे, पण कनेक्शन जुळतानाच दोन्ही बाजूंनी ती मान्य करावी लागते. आमच्या वाटेतला एक फायरवॉल तो पर्यायच काढून टाकत होता. तो नियम बदलला, सिस्टिम प्रोग्रामरने टीसीपीचा सेंड बफर वाढवला, आणि फाइल तासाच्या आत पोचायला लागली. सायफरला कुणी हातही लावला नाही.

तिकिटात म्हणून चार गोष्टी लिहायच्याच: फाइल किती मोठी, किती वेळ लागला, लेकराने किती सीपीयू खाल्ला, राउंड ट्रिप किती. एवढं असलं की तिकीट टीम टीममधून फिरत बसत नाही.

सरावाला आयबीएमचं झेड एक्सप्लोर फुकट आहे. टीसीपीच्या सेटिंगला तिथे हात लावता येणार नाही, पण एसएसएचने युनिक्सच्या बाजूला शिरता येतं. शिरताना कमांडला डॅश व्हीव्ही (-vv) जोडा आणि केक्स (kex) लिहिलेल्या ओळींवर थांबा. कोणता सायफर ठरला ते तिथेच दिसतं.