मडक्याच्या पोटातून शिल्प: कोकणातली माती वापरून

मडक्यावर वारली चित्रं रंगवली की ते ‘आधुनिक’ झालं, असा समज आहे. माझ्या मते शिल्पासाठी मडक्यातून घ्यायचं ते कुंभाराच्या थापटण्यातून. चाकावरून उतरलेलं मडकं जाड असतं. आतून गोटा धरून बाहेरून थापीने ठोकत त्याचं पोट फुगवतात. आकारातला तो ताण शिल्पात यायला हवा, म्हणून आधी कुंभारवाडीत बसून हे काम बघा.

भातकापणी झाली की मालकाला विचारून मळ्यातली चिकण माती आणा. भिजवून, कापडातून गाळून जांभ्याच्या चिऱ्यांवर पसरा; चिरा पाणी शोषतो. ५ भाग मातीत तुटक्या कौलांची रव्याएवढी भरड १ भाग मळा. त्याने तडे कमी जातात.

भरडीऐवजी किनाऱ्यावरची वाळू मात्र घालू नका. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. भाजताना त्याचा कळीचा चुना होतो, पुढे तो हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि चांगल्या भाजलेल्या शिल्पाचे टवके उडतात. मातीबद्दलही शंका असेल तर चिमूटभर सुक्या मातीवर लिंबू पिळा. फेस आला तर ती नको.

आता घडण. पहिलं काम फूटभर उंचीचंच घ्या, समजा एकमेकांना टेकलेली दोन पोटं आणि वर एकच तोंड. परातीत राख भुरभुरून मातीच्या अंगठ्याएवढ्या जाड वळ्या (लांब वळलेल्या दोऱ्या) गोल फिरवत एकावर एक चढवा. दिवसाला चार-पाच बोटंच उंची वाढवा, नाहीतर खालचं बसतं. माती जरा आवळली की गोटा-थापी घ्या आणि भिंत साधारण १ सेंटीमीटरवर आणा. सांध्याला ओरखडे पाडून पातळ चिखल लावा. पोकळी कुठेही बंद ठेवू नका. शेवटी नदीतल्या गुळगुळीत दगडाने घोटा.

सावलीत, सुती कापडाखाली दोन-तीन आठवडे वाळवा. गालाला गार लागलं तर आत ओल आहे.

कुंभाराला पैसे देऊन त्याच्याच आव्यात, म्हणजे भट्टीत, जागा मागणं उत्तम. स्वतः भाजणार असाल तर सुरुवातीचे काही तास नारळाच्या सोडणांची (वरच्या सालांची) मंद धग पुरे. घाईत आतली वाफ शिल्प फोडते. ५७३ अंश सेल्सिअसला मातीतली गारगोटी एकदम फुगते, तेव्हाही आच हळूच वाढवा. काळा रंग हवा असेल तर शेवटी तूस आणि राखेने आवा दाबून टाका. हवा तुटली की लाल लोह काळं पडतं, वर काजळी मुरते. केनियात जन्मलेल्या मृत्तिकाशिल्पकार मॅग्डलिन ओडुंडो आपली हातघडणीची, घोटलेली भांडी एकदा लाल भाजून पुन्हा धुरात काळी करतात.

आवा पूर्ण निवल्याशिवाय उघडू नका. शिल्प बिनझिलईचं, पाणी पिणारं असतं. पावसाळ्यात पडवीत घ्या, अंगणात शेवाळ धरेल.